मोठ्या आवाजाने अचानक गेलेलं ऐकू येणं आणि हायपरबेरिक ऑक्सिजन उपचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बंदुकीचा बार, जवळ फुटलेला फटाका, टायरचा स्फोट, गाडीतली एअरबॅग, कानाशी किंचाळलेला ध्वनिवर्धक. अशा एखाद्या आवाजानंतर कानाला दडे बसले आणि ते सुटत नसतील, तर पुढची उत्तरं तुमच्यासाठी आहेत. हायपरबेरिक ऑक्सिजन उपचार म्हणजे चेंबर नावाच्या बंद कक्षात, वाढवलेल्या दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेणं. घटना गेल्या दोन आठवड्यांत घडली असेल, तर पहिलं उत्तर वाचा, तपासणीची वेळ ठरवा आणि मग बाकीचं वाचायला या.

आवाज होऊन काही तासच झाले आहेत. आत्ता काय करायचं?

आधी त्या आवाजापासून दूर व्हा आणि पुढचे काही दिवस कान शांततेत ठेवा. त्या कानात हेडफोन घालू नका. "ऐकू येतंय का बघू" म्हणून मोठ्याने गाणी लावून पाहणं तर अजिबात नको. कापसाची काडी, तेल, थेंब यांतलं काहीही कानात घालू नका, कारण पडदा फाटला असेल तर ते थेट मध्यकर्णात उतरतं. घटनेची वेळ, आवाज कशाचा होता, अंतर किती होतं आणि तो कोणत्या बाजूने आला, हे लिहून ठेवा. डॉक्टर हे नक्की विचारतात आणि चार दिवसांनी ते नीट आठवत नाही.

घरी एक सोपी चाचणी करता येते. ओठ मिटून "हम्म्म" असा सूर लावा आणि तो कोणत्या कानात जास्त ऐकू येतो ते पाहा. बिघडलेल्या कानात जास्त घुमत असेल, तर अडथळा बहुधा बाहेरच्या किंवा मधल्या भागात आहे: मळ, फाटलेला पडदा, हललेली हाडं. चांगल्या कानात जास्त ऐकू येत असेल, तर दुखापत आतल्या कानाला झाली असण्याची शक्यता जास्त. डॉक्टर ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क कपाळावर टेकवून हेच तपासतात. घरच्या चाचणीने निदान होत नाही, पण दुसरी शक्यता दिसली तर तपासणी उद्यावर ढकलायची नाही हे कळतं.

गरगरणारी चक्कर, कानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, चेहऱ्याची एक बाजू लुळी वाटणं, किंवा स्फोटानंतर धाप लागणं यांपैकी काही असेल तर ताबडतोब रुग्णालय गाठा.

दडे दोन दिवसांत आपोआप सुटतात ना? मग एवढी घाई कशाला?

बऱ्याच वेळा सुटतात, हे खरं आहे. मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची क्षमता तात्पुरती खाली येते आणि काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत पूर्ववत होते. अडचण अशी की तात्पुरती आणि कायमची हानी पहिल्या दिवशी अगदी सारखी वाटते. कान बंद झाल्यासारखं वाटणं, शिट्टी वाजणं, आवाज दुरून आल्यासारखे वाटणं ही लक्षणं दोन्हींत असतात. त्यातून उच्च स्वरांचीच हानी असेल, तर बोलणं जवळपास नेहमीसारखं ऐकू येतं आणि माणूस "बरा झालो" समजून बसतो.

आमचा नियम असा: संगीताच्या कार्यक्रमासारख्या लांबलेल्या आवाजानंतर २४ तास उलटूनही दडे किंवा शिट्टी कायम असेल, तर ऑडिओग्राम, म्हणजे कोणता स्वर किती मंद असताना ऐकू येतो ती चाचणी, करून घ्या. बार किंवा स्फोटासारखा एकच तीव्र दणका असेल आणि ऐकू कमी येत असेल, तर २४ तासांचीही वाट पाहू नका.

आतल्या कानात नेमकं काय बिघडतं?

कॉक्लिया, म्हणजे गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली नळी, तिच्यात प्रत्येक कानाला सुमारे ३,५०० आतल्या आणि १२,००० बाहेरच्या केसपेशी असतात. कंपनांचं विजेच्या संदेशात रूपांतर आतल्या पेशी करतात, तर बाहेरच्या पेशी मंद आवाज वाढवून देतात. माणसात या पेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

मोठा आवाज दोन पद्धतींनी घात करतो. १४० डेसिबलच्या वरचा क्षणिक दणका पेशींवरचे सूक्ष्म केस मोडतो, आधाराच्या पेशींचे सांधे उसवतो, कधी पडदाही फाडतो. ही यांत्रिक दुखापत त्याच क्षणी होऊन जाते. दुसरी पद्धत रासायनिक आहे आणि हळू चालते. अतिश्रमाने पेशींमध्ये फ्री रॅडिकल, म्हणजे पेशींना इजा करणारे अतिक्रियाशील रेणू, साचतात, मज्जातंतूंच्या टोकांशी ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाचा पूर येऊन ती सुजतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात. आवाज थांबल्यावरही ही प्रक्रिया चालू राहते. प्रयोगांत फ्री रॅडिकलचं प्रमाण आवाजानंतर ७ ते १० दिवसांनीही वाढलेलं आढळलं आहे. सगळे उपचार या दुसऱ्या प्रक्रियेत हस्तक्षेप करू पाहतात. मेलेली पेशी कोणीच परत आणू शकत नाही. धडपड असते ती अर्धमेल्या पेशी वाचवण्याची.

सर्वांत आधी मार बसतो तो ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या पट्ट्याला. ऑडिओग्रामवर ४,००० हर्ट्झजवळ खड्डा दिसतो, तो याचाच.

जास्त दाबाखालचा ऑक्सिजन तिथे काय साधतो?

कॉक्लियाला रक्त पुरवणारी धमनी एकटीच आहे. ती तुंबली किंवा आकसली तर पर्यायी वाट नाही. शिवाय केसपेशी ज्या अवयवात बसलेल्या असतात, त्याला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नाहीत; बाजूच्या रक्तवाहिन्यांच्या पट्ट्यातून द्रवामार्गे पाझरत येईल तेवढाच ऑक्सिजन त्यांना मिळतो. मोठ्या आवाजानंतर या द्रवातली ऑक्सिजनची पातळी घसरते.

साध्या हवेत श्वास घेताना जवळपास सगळा ऑक्सिजन हिमोग्लोबिनवर स्वार असतो. १०० मिलिलिटर रक्ताच्या द्रवभागात विरघळलेला ऑक्सिजन जेमतेम ०.३ मिलिलिटर भरतो. हिमोग्लोबिन आधीच भरलेलं असल्यामुळे त्यावर आणखी लादता येत नाही, पण दाब वाढवला की विरघळणारं प्रमाण वाढतं. २.४ एटीए दाबाला (१ एटीए म्हणजे समुद्रसपाटीवरचा हवेचा दाब), म्हणजे समुद्रात १४ मीटर खोल असतो तेवढ्या दाबाला, शुद्ध ऑक्सिजन घेतला तर विरघळलेलं प्रमाण साधारण १५ पट होतं. धमनीतला ऑक्सिजनचा दाब एरवी सुमारे १०० मिलिमीटर पारा असतो, तो १,००० च्या पुढे जातो. त्यामुळे ऑक्सिजन ऊतींमध्ये जास्त दूरवर पाझरतो आणि आकसलेल्या वाहिनीपलीकडच्या पेशींपर्यंतही पोहोचू शकतो. त्याबरोबर सूजही थोडी उतरते.

फ्री रॅडिकलनेच नुकसान होतं, तर आणखी ऑक्सिजन देणं म्हणजे आगीत तेल नाही का?

शंका रास्त आहे. जास्त ऑक्सिजनाने फ्री रॅडिकल तात्पुरते वाढतात, हे खरं. पण मोजक्या वेळेच्या सेशनांमुळे शरीराची त्यांना निष्प्रभ करणारी यंत्रणाही जागी होते आणि ऊर्जेसाठी तडफडणाऱ्या पेशींना इंधन मिळतं. वेळ आणि मात्रा यांवर हा तोल ठरतो. प्राण्यांवरच्या एका प्रयोगात आवाजानंतर अगदी पहिल्या तासात दिलेल्या उपचाराने उलट अपाय झालेला दिसला. त्यामुळे घटनास्थळावरून थेट चेंबरकडे धावण्याची गरज नाही. आधी तपासणी, ऑडिओग्राम आणि औषध, मग चेंबर. एवढ्यात तो पहिला तास सहज निघून जातो.

पुरावा किती भक्कम आहे?

मध्यम, आणि हे उपचार सुरू करण्याआधी समजलेलं बरं. बहुतेक चांगल्या चाचण्या कारण न सापडणाऱ्या अचानक बहिरेपणावर झाल्या आहेत. २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारी संस्था) ७ चाचण्यांतले ३९२ रुग्ण होते. लवकर उपचार झालेल्यांत ऐकण्यात फायदा दिसला, जुन्या बहिरेपणात दिसला नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लक्षणं सुरू झाल्यापासून २ आठवड्यांच्या आत स्टेरॉइड या सूज उतरवणाऱ्या औषधासोबत हा उपचार देऊ करता येतो. पहिल्या उपचाराने गुण आला नाही, तर महिन्याभराच्या आतही स्टेरॉइडच्या जोडीने तो पर्याय राहतो.

आवाजाच्या आघातावर वेगळे अभ्यास आहेत. फिनलंड, बेल्जियम, नेदरलँड्स, जपान इथल्या सैन्यांतल्या आणि आरमारांतल्या रुग्णांत लवकर सुरू केलेल्या ऑक्सिजन-स्टेरॉइड जोडीने चांगले निकाल दिसले. पण त्यांत चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या मोठ्या चाचण्या नाहीत आणि काही कान तसेही आपोआप सुधारले असते. समुद्रतळीय व हायपरबेरिक वैद्यकाच्या अमेरिकी संस्थेने २०११ साली अचानक बहिरेपणाला मान्य आजारांच्या यादीत घेतलं, तेही कारण अज्ञात असेल तेव्हा. आवाजाचा आघात त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे विम्याचा दावा अडू शकतो. सुरू करण्याआधीच विचारा.

म्हणून कोणी "शंभर टक्के ऐकू येईल" असं सांगत असेल, तर तिथून उठा.

स्टेरॉइडची भीती वाटते. फक्त ऑक्सिजन घेतला तर चालेल का?

नाही. चेंबर हा स्टेरॉइडच्या जोडीचा उपचार आहे, त्याची जागा घेणारा नाही. अचानक बहिरेपणासाठी नेहमीची मात्रा म्हणजे प्रेडनिसोलोन दर किलो वजनाला दिवसाला १ मिलिग्रॅम, कमाल ६० मिलिग्रॅम, सकाळी एकदम, ७ ते १४ दिवस, आणि मग उतरत्या क्रमाने बंद. आवाजाच्या आघातातही साधारण हीच पद्धत वापरली जाते. मधुमेह, जठरव्रण, काचबिंदू, अनियंत्रित रक्तदाब किंवा मानसिक आजार असेल, तर पडद्यातून बारीक सुईने मध्यकर्णात डेक्सामेथासोन सोडता येतं. हे औषध साधारण अर्धा मिलिलिटर असतं. त्यानंतर तो कान वर ठेवून १५ ते ३० मिनिटं पडून राहायचं, गिळायचं नाही, बोलायचं नाही, कारण गिळलं की औषध घशाच्या नळीतून खाली निघून जातं. मात्रा आणि मार्ग डॉक्टरच ठरवतील. घरात उरलेल्या गोळ्या काढून स्वतः सुरू करू नका.

चेंबरची वेळ मिळेपर्यंत स्टेरॉइड थांबवून ठेवणं ही आम्हाला सर्वांत जास्त सलणारी चूक आहे. गोळी आज सुरू होऊ शकते, मग चेंबर परवा मिळालं तरी चालेल.

किती सेशन लागतात?

सहसा १० ते २०, रोज एक, आठवड्याला ५ ते ६. दाब २.० ते २.५ एटीए, आणि प्रत्यक्ष ऑक्सिजन घेण्याचा वेळ ६० ते ९० मिनिटं. १० सेशनांनंतर ऑडिओग्राम काढून पुढे जायचं की नाही ते ठरवावं. ऐकू येणं वाढत असेल तर चालू ठेवण्यात अर्थ आहे. दोन लागोपाठच्या ऑडिओग्रामांत काहीच हललं नसेल, तर पुढच्या १० सेशनांनी हलेल अशी अपेक्षा धरू नये.

आधी कोणत्या तपासण्या हव्यात?

दुर्बिणीने पडदा पाहणं, शुद्ध स्वरांचा ऑडिओग्राम हवेतून आणि हाडातून अशा दोन्ही वाटांनी, आणि बोललेले शब्द किती समजतात ती चाचणी. ऑडिओग्राममध्ये ३,००० आणि ६,००० हर्ट्झ तपासायला आवर्जून सांगा. पुष्कळ ठिकाणी २,००० वरून ४,००० आणि तिथून ८,००० अशी उडी मारली जाते, आणि आवाजाने पडलेला खड्डा नेमका मधल्या जागी लपून राहतो.

एक चाचणी या काळात नको: स्टेपीडियल रिफ्लेक्स. तीत कानात १०० डेसिबलच्या आसपासचे आवाज सोडतात. दुखावलेल्या कानाला पहिल्या दिवसांत ते कशाला?

चेंबरसाठी छातीचा एक्स-रे, रक्तदाब, साखर आणि घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी लागते. जेंटामायसिन, अमिकासिनसारखी प्रतिजैविकं, सिस्प्लॅटिन किंवा फ्युरोसेमाइड चालू असेल तर ते आधीच सांगा, कारण ही औषधं स्वतःच कानाला अपाय करू शकतात.

हा उपचार कोणी घेऊ नये?

फुप्फुसाबाहेर हवा साचली असेल आणि तिच्यावर इलाज झालेला नसेल, तर कधीच नाही. दाब उतरताना ती हवा फुगून जीवावर बेतू शकते. स्फोटात छातीला धक्का बसलेल्या माणसाचा एक्स-रे म्हणूनच टाळू नये. डोळ्याच्या शस्त्रक्रियेत आत वायूचा बुडबुडा सोडलेला असेल, तर तो पूर्ण विरेपर्यंत नाही.

याशिवाय फुप्फुसात फुगे असलेला जुना दमा किंवा सीओपीडी (श्वासनलिकांचा दीर्घकाळचा आजार), पूर्वी घेतलेलं ब्लिओमायसिन हे कर्करोगावरचं औषध, काबूत नसलेले फिटचे झटके, ताप, सध्याची सर्दी, अलीकडची कानाची शस्त्रक्रिया आणि गर्भावस्था यांत तज्ज्ञाने तोलून ठरवावं लागतं. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेला पंप असेल, तर तो किती दाबाला चालतो हे निर्मात्याकडून लेखी घ्या. ताप आणि सर्दी यांत दोन-तीन दिवस थांबणं शहाणपणाचं. ताप झटक्याची शक्यता वाढवतो आणि सर्दीत कान मोकळा होत नाही.

एक सेशन कसं असतं?

चेंबर दोन प्रकारचे. एकट्याच्या नळकांड्यात आडवं पडायचं असतं. बऱ्याचदा ते पूर्ण ऑक्सिजननेच भरलेलं असतं. अनेकांच्या चेंबरमध्ये खोलीसारखी हवा असते आणि मास्क किंवा पारदर्शक टोपातून ऑक्सिजन मिळतो. आत एक परिचारक सोबत बसतो.

दाब चढायला १० ते १५ मिनिटं लागतात. या वेळात हवा गरम होते आणि कान सतत मोकळे करावे लागतात. मग ठरलेल्या दाबावर ऑक्सिजन सुरू होतो. दर २० ते ३० मिनिटांनी ५ मिनिटं साधी हवा देतात, कारण सलग ऑक्सिजनने मेंदू आणि फुप्फुसं चिडतात. ही विश्रांती त्यासाठीच असते. शेवटी दाब हळूहळू उतरवतात. तेव्हा गारवा जाणवतो, कधी धुकं दिसतं. उतरताना श्वास कधीही रोखून धरायचा नाही, नेहमीसारखा घ्यायचा. सगळं मिळून दोन तासांच्या आसपास धरा. जाण्याआधी हलकं खा आणि लघवीला जाऊन या. या क्षुल्लक गोष्टीमुळे सेशन अर्धवट सोडावी लागल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत.

आधीच दुखावलेल्या कानावर दाब टाकणं धोक्याचं नाही का?

दाब सगळीकडून सारखा येतो, म्हणून आतल्या कानाला तो जाणवत नाही. त्रास होतो तो मध्यकर्णाच्या बंद पोकळीत. बाहेरचा दाब वाढतो, आतली हवा आकसते आणि पडदा आत ओढला जातो. घशाकडे उघडणारी नळी वेळेवर उघडली की आतला दाब बाहेरच्याइतका होतो. सर्वांत जास्त ताण सुरुवातीच्या टप्प्यातच पडतो, कारण आकारमानातला बदल तिथे सर्वांत मोठा असतो. "अजून दुखत नाही" म्हणून थांबायचं नाही. दाब सुरू होताच, दुखण्याआधीच, दर काही सेकंदांनी कान मोकळे करायचे.

पद्धती अशा: पाणी गिळणं, जांभई, खालचा जबडा पुढे सरकवणं. नाकपुड्या चिमटून गिळणं ही टॉयन्बीची पद्धत. नाकपुड्या चिमटून हलकेच फुंकणं ही वाल्साल्व्हाची. शेवटची पद्धत आवाजाचा आघात झालेल्यांनी फार जपून वापरावी. जोरात फुंकलं की कवटीतला दाब वाढून आतल्या कानाच्या गोल खिडकीचा पातळ पडदा फाटू शकतो. चक्कर येत असेल किंवा ऐकणं दिवसागणिक वरखाली होत असेल, तर असा पडदा फाटून आतल्या कानातल्या द्रवाची गळती आधीच होत असू शकते. तेव्हा ईएनटी डॉक्टरांनी ती शक्यता बाजूला सारल्याशिवाय फुंकूही नये आणि चेंबरमध्येही जाऊ नये.

कान अडला तर लगेच हात वर करा. चालक दाब थोडा कमी करेल, कान सुटेल, मग पुन्हा हळू चढता येईल. सहन करत राहिलात तर दाबाचा फरक ९० मिलिमीटर पाऱ्याच्या जवळ गेल्यावर नळी घट्ट चिकटते आणि कितीही गिळलं तरी उघडत नाही. मग पडद्यामागे रक्त किंवा पाणी साचतं. रोज असाच त्रास होत असेल तर पडद्यात बारीक नळी बसवतात. पाच मिनिटांचं काम आहे, आणि त्यामुळे उरलेली सेशनं सुरळीत होतात.

सकाळी उठल्यावर कान पुन्हा बंद वाटतो. ऐकू येणं परत घसरलं का?

बहुधा नाही. सेशननंतर मध्यकर्णात ऑक्सिजन उरतो, रात्री तो शोषला जातो आणि पडदा आत ओढला जातो. झोपेत आपण गिळतोही कमी. उठून पाणी प्या, जांभया द्या, तासाभरात कान सुटतो. न सुटल्यास ऑडिओग्राममध्ये हाडातून येणारी रेषा पाहतात. ती होती तिथेच असेल आणि फक्त हवेची रेषा खाली आली असेल, तर आतला कान शाबूत आहे.

पडदा फाटला असेल तर?

ताजं, स्वच्छ भोक असेल तर हवा त्यातून आपोआप ये-जा करते, त्यामुळे दाब सारखा करण्याचा प्रश्न उरत नाही. कान कोरडा ठेवायचा, नाक जोरात शिंकरायचं नाही. बहुतेक लहान भोकं काही आठवड्यांत भरून येतात. भोक भरत आलं की कान मोकळे करण्याची गरज परत सुरू होते. हे परिचारकाला माहीत हवं, म्हणून दर आठवड्याला पडदा पाहून घ्या.

चेंबरमध्येही आवाज असतो ना?

असतो, आणि ही बाब बऱ्याच ठिकाणी दुर्लक्षित राहते. दाब चढवताना आणि हवा बदलताना वायूचा झोत चांगलाच घोंघावतो. आवाजानेच दुखावलेल्या कानाला हा आणखी एक डोस. चालकाला झोत मंद ठेवायला सांगा आणि कानावर बाहेरून बसणारे, हवेला वाट ठेवणारे संरक्षक मागा. फोमचे बोळे मात्र दाब बदलताना कानात घालू नका. बोळा आणि पडदा यांच्यामध्ये हवा कोंडून पडद्याला इजा होते.

आत काय नेऊ नये?

ज्वलनाला पोषक ऑक्सिजन सभोवार असताना एक ठिणगी पुरते. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एका केंद्रात चेंबरला आग लागून पाच वर्षांचं मूल दगावलं. तेव्हा नियम कडक वाटले तरी एकही सोडू नका. केंद्राने दिलेले शुद्ध सुती कपडेच घालायचे. मोबाइल, घड्याळ, लायटर, हात गरम ठेवणारी पाकिटं, बॅटरीवर चालणारं काहीही, अगदी श्रवणयंत्रसुद्धा, बाहेर. केसांना तेल, अंगाला मलम, व्हॅसलीन, अत्तर, केसांचा स्प्रे, लिपस्टिक त्या दिवशी नको. एकट्याच्या चेंबरमध्ये मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधतात. तो बांधला आहे ना, ते स्वतः पाहा.

दुष्परिणाम कोणते?

कानावरचा दाब सर्वांत नेहमीचा. साखर घसरू शकते, म्हणून मधुमेहींनी आधी आणि नंतर मोजावी. स्टेरॉइड मात्र ती वाढवतं, त्यामुळे औषधाचा हिशेब रोज बदलू शकतो. १५-२० सेशनांनंतर दूरचं थोडं अंधुक दिसू लागतं. ते काही आठवडे ते काही महिन्यांत मूळपदावर येतं, तोवर नवा चष्मा करू नका. बंद जागेची भीती असेल तर आधी सांगा, अनेकांचं चेंबर सोपं पडतं.

ऑक्सिजनमुळे झटका येणं क्वचित घडतं. ओठ फडफडणं, मळमळ, अचानक अस्वस्थता, नजर अरुंद होणं ही पूर्वसूचना असते, तत्काळ सांगा. अशा वेळी मास्क काढून साधी हवा देतात आणि झटका थांबेपर्यंत दाब बदलत नाहीत, कारण झटक्यात श्वास अडकलेला असतो आणि दाब उतरवला तर फुप्फुस फाटू शकतं. झटका थांबला की सहसा मागे काही उरत नाही.

घरी वापरायचं मऊ चेंबर किंवा ऑक्सिजनचा सिलिंडर चालेल का?

नाही. मऊ चेंबर साधारण १.३ एटीएपर्यंतच जातं, आणि त्यात बऱ्याचदा शुद्ध ऑक्सिजन नसतो. सिलिंडरने दाब वाढतच नाही. या लक्षणांसाठी प्रामुख्याने अभ्यासलेला उपचार २ एटीए किंवा त्यावरचा आहे. अशा प्रयोगांत दोन मोलाचे आठवडे निघून जातात.

कानातली शिट्टी जाईल का?

ऐकू येणं सुधारलं तर शिट्टीही बहुधा मंदावते. ऐकू येणं सुधारलं पण शिट्टी राहिली, असंही होतं. केवळ शिट्टीसाठी, आणि तीही जुनी असेल तर, चेंबरचा उपयोग सिद्ध झालेला नाही. रात्री मंद पार्श्वध्वनी, झोपेची शिस्त आणि समुपदेशन यांचा तिथे जास्त उपयोग होतो.

घटनेला सहा महिने झाले. आता?

आता चेंबरवर वेळ आणि पैसा घालवू नका, असंच आम्ही सांगू. साधारण महिन्यानंतर जी पातळी स्थिरावते, ती बहुतेकदा कायमची असते. श्रवणयंत्र नीट जुळवून घ्या. उच्च स्वरांसाठी उघड्या बसणीचं, म्हणजे कानाची वाट पूर्ण न बुजवणारं, यंत्र या प्रकारच्या हानीला चांगलं जुळतं. गोंगाटात शब्द कळत नाहीत पण ऑडिओग्राम बरा येतो, अशी तक्रार असेल, तर केसपेशी आणि मज्जातंतू यांच्या जोडण्या तुटलेल्या असू शकतात. २००९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात ऐकण्याची पातळी पूर्ववत झाल्यावरही या जोडण्या तुटलेल्याच आढळल्या. शांत जागेतल्या साध्या चाचणीत हा दोष सापडत नाही, म्हणून गोंगाटातली शब्दचाचणी मागा.

सुधारणा झाली हे कसं ओळखायचं?

कागदावर. एकाच केंद्रात, शक्यतो त्याच यंत्रावर काढलेले ऑडिओग्राम शेजारी ठेवा. ५ डेसिबलचा फरक चाचणीतल्या चढउतारातही येतो. एकाच स्वराला १० किंवा जास्त, आणि शेजारच्या स्वरालाही तीच दिशा असेल, तर तो खरा. सरासरीवर भुलू नका. ५००, १,०००, २,००० आणि ४,००० यांची सरासरी चांगली दिसूनही ६,००० चा खड्डा तसाच असू शकतो. उपचार संपल्यावर, महिन्याने आणि सहा महिन्यांनी तपासा.

उपचार चालू असताना काय टाळायचं?

मोठा आवाज, धूम्रपान, जड वजन उचलून दम कोंडणं, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय जास्त मात्रेत अ‍ॅस्पिरिन. पाण्याखाली बुडी नको. कान सहज मोकळा होत नसेल, तर विमानप्रवासही नको.

यापुढे कान कसे जपायचे?

आठ तासांच्या कामासाठी ८५ डेसिबल ही सुरक्षित मानलेली मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबलने वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला जेमतेम १५ मिनिटं. फोमचा बोळा बोटांत बारीक वळा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, बोळा आत सरकवून फुगेपर्यंत २० ते ३० सेकंद दाबून धरा. आरशात पाहिलं तर तो कानाबाहेर डोकावता कामा नये. बंदुकीच्या सरावात बोळे आणि वरून कानटोप अशी दोन्ही आवरणं घ्या. त्यातल्या चांगल्या आवरणावर दुसऱ्याची भर फक्त ५ डेसिबलच्या आसपास पडते, पण अशा बाराला तेवढीही लागते.